चौदाच्या पुढचा आकडा

आक्का, तुमच्या दिव्याजवळ ठेवलेल्या तांब्यातलं पाणी आज पुन्हा दोन बोटं कमी झालंय. परवाही तेवढंच कमी झालं होतं. तेव्हा तुमचा भाऊ म्हणाला, "उन्हाळा हाय, पाणी उडणारच. रांजणातलं उडतं, तांब्यातलं नाय उडणार व्हय?" म्हणून काल मी वर ताटली झाकली. आज सकाळी ताटली जागच्या जागी होती आणि पाणी दोन बोटं खाली. तांब्या पुन्हा भरून ठेवला.

तुम्ही असता तर दोन तांबे शेजारी ठेवले असते, एक झाकलेला, एक उघडा, आणि खडूच्या खुणा करून चार दिवसांनी मला निकाल सांगितला असता. गणिताच्या बाईची भावजय असून एवढं सुचू नये का, हेही ऐकून घ्यावं लागलं असतं मला.

आज बारावा दिवस. उद्या तेरावं झालं की दिवा उचलतील, तांब्या उचलतील. तुमचा भाऊ उद्याचं सामान आणायला क्रांती चौकाकडं गेलाय. घरात मी एकटी आहे, भर दुपार आहे, आणि तुमच्या चौकटीच्या वहीतली मागची कोरी पानं मी फाडून घेतलीत. वही फाडलेली तुम्हाला खपायची नाही, ठाऊक आहे. पण जे बोलायचंय ते आजच बोलायला हवं. उद्यानंतर उशीर होईल, तुम्हालाही आणि आणखी एका माणसालाही.

सासरी नव्या सुनेला काय काय दाखवतात. देवघर दाखवतात, धान्याच्या कोठ्या दाखवतात. मी पिशोरहून लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही मला तिसऱ्या दिवशी एक छोटी गोल बाटली दाखवलीत. आत कागदाच्या काडीसारख्या पातळ पट्ट्या, प्रत्येकीच्या टोकाला बदामी रंगाचा चौकोन. तुम्हाला दहावीत असल्यापासून इन्सुलिनची सुई होती. स्थळं यायची आणि सुईचं कळलं की पोहे तसेच टाकून जायची, हे तुम्हीच मला हसत सांगितलंत. मग म्हणालात, "हे बघ मंदा, साखर लई चढली आन् इन्सुलिन कमी पडलं, तर अंग आपलीच चरबी जाळतं. त्याचं विष रक्तात होतं आन् लघवीतून उतरतं. ते ह्या पट्टीला कळतं. आपल्याला नंतर कळतं." बाटलीवरच्या रंगांवर बोट ठेवून तुम्ही मला तीन शब्द पाठ करून घेतलेत. बदामी म्हणजे घर. गुलाबी म्हणजे पाणी पीत राहायचं आणि डॉक्टरांना फोन. जांभळी म्हणजे रिक्षा. घर, पाणी, रिक्षा. मी नववी नापास होते, पण एवढं लगेच पाठ झालं.

डबीत लघवी घेऊन पट्टी बुडवायची, काढायची आणि बरोबर पंधरा सेकंदांनी रंग बघायचा. आधी नाही, नंतर नाही. तुम्ही बाथरूममध्ये, आणि मी बाहेर भिंतीवरच्या घड्याळाच्या काट्याकडं बघत मोठ्यानं मोजणार, असं ठरलं. पहिल्याच दिवशी मी चौदापर्यंत आले आणि गप्प बसले.

"अगं, पुढं?" आतून तुमचा आवाज.

"पुढचा आमच्या घरात म्हणत नाहीत."

तुम्ही दार उघडून पट्टी हातात धरून माझ्याकडं बघत राहिलात. मग मी तुम्हाला माझ्या आज्याचं सांगितलं. दिवस मावळताना तो मेंढरं जाळीच्या वाड्यात घ्यायचा, एकेकीच्या पाठीवर हात ठेवून मोजायचा आणि शेवटच्या मेंढीला तोंड मिटायचा. नुसता हात फिरवायचा. शेवटचं मोजलं की ते आपलं राहत नाही, म्हणायचा, ते मोजणाऱ्याचं होतं. मोजणारा कोण, हे त्यानं कधी सांगितलं नाही आणि आम्ही पोरांनी कधी विचारलं नाही.

तुम्ही पोट धरून हसलात. "आमचा आज्याबी मेंढरंच राखायचा की गं. पर त्यानं ती विकली आन् शहरात आला. म्हणून आम्हाला पंधरा म्हणता येतं." तेव्हापासून आपलं ठरून गेलं. चौदापर्यंत मी आणि पंधरा तुम्ही. ताप आला, साखर चढली, उलटी झाली की मी घड्याळासमोर आणि आतून तुमचा पंधरा, जरा घोगरा, शाळेत हजेरी घेतल्यासारखा. मग एक श्वास जायचा आणि तुम्ही रंग सांगायचात. एकोणीस वर्षं. आकडा बोलल्यानं काही होतं का, यावर आपण एकोणीस वर्षं भांडलो आणि कुणीच हरलं नाही.

त्याच आकड्यांनी तुम्ही मला दहावीला बसवलंत. शिकवणीची पोरं गेली की मागच्या सतरंजीवर मी. गुणाकार चुकला की पेन्सिल माझ्या बोटांवर. "आकड्याला भिऊ नको, मंदा. तो नुसता बसलेला असतो, आपण जाऊन त्याला उठवतो." मी गणितात अडतीस मार्कांनी सुटले तेव्हा गल्लीभर पेढे तुम्ही वाटलेत, आणि स्वतः एकाचा चौथा हिस्सा खाऊन लगेच सुई घेतलीत. माझ्या आईनं माझ्यासाठी जेवढं केलं नाही तेवढं तुम्ही केलंत, आणि हे मी तुम्हाला एकदाही म्हटलं नाही. तुम्हीच म्हणायचात की माझी जीभ फक्त भांडायला वळते.

आता या उन्हाळ्याचं. गारखेड्यातल्या भाड्याच्या खोल्या सोडून आपण इकडं प्लॉटिंगमध्ये स्वतःच्या घरात आलो, तेव्हा मागं ज्वारी होती. आता तिथं सहा-सहा मजल्यांच्या इमारती आहेत आणि ज्याची त्याची बोअर शेजाऱ्यापेक्षा खोल. आपली फेब्रुवारीतच आटली. नळाची लाईन अजून यायची आहे. टँकर आठ दिवसांनी. तुम्ही ड्रमवर खडूनं आठ रेघा मारल्यात, एका दिवसाला एक रेघ, आणि मला म्हणालात की हे आपलं नवं कॅलेंडर. वीज तर दुपारची जायची ती संध्याकाळीच यायची. फ्रिजमधलं दूध नासायचं, मग इन्सुलिन कुठं ठेवायचं? तेव्हा मी जुन्या लोडशेडिंगच्या काळातली युक्ती काढली. मोठ्या मडक्यात लहान मडकं, मधे ओली वाळू, वर ओलं फडकं. आत हात घातला की गार लागायचं. तुम्ही इन्सुलिनची बाटली त्यात ठेवलीत आणि म्हणालात, "लई हुशार झालीस गं." मी आठ दिवस त्या शब्दावर चालले.

मग तुमची दाढ सुजली. ताप आला. बोटाला टोचून बघायच्या यंत्रावर साखर साडेतीनशेच्या खाली येईना. डॉक्टरांनी तुम्हाला पूर्वीच सांगून ठेवलं होतं की अशा वेळी पट्टी बघायची. ती बदामी असली तर घरीच थोडं इन्सुलिन वाढवायचं, रंग आला तर दवाखाना. आठ दिवस रोज सकाळी सातला मी चौदा म्हणाले, तुम्ही पंधरा म्हणालात आणि आतून उत्तर आलं, "बदामी. घर."

त्या आठवड्यात घरात पिकून फुटायला आलेल्या खरबुजाचा वास सुटला होता. मी कांद्याची टोपली उपसली, फ्रिज पुसला, ओट्याखाली वाकून वाकून बघितलं. घरात खरबूज आणलंच नव्हतं. तुमच्या उशाशी चहा ठेवायला वाकले तेव्हा तो वास सगळ्यात जास्त आला, तर मी उशीचा अभ्रा बदलला. आक्का, एवढं तुम्ही मला शिकवलेलं नव्हतं, की तो वास श्वासाला येतो.

आणि तुम्हाला तहान लागत होती. तांब्यामागून तांब्या. टँकर दोन दिवस उशिरा होता, ड्रममधलं पाणी तुमच्या रेघांच्या खाली गेलं होतं. मी भांडी राखेनं घासत होते, अंग चिडलेलं होतं. मी म्हणाले, "आक्का, जरा हात राखून. अजून दोन दिवस काढायचेत." तुम्ही अर्धा प्यायलेला पेला खाली ठेवलात आणि त्यावर ताटली झाकलीत. त्यानंतर मी तुम्हाला पाणी पिताना पाहिलं नाही. मी स्वयंपाकघरात आले की तुम्ही तिथून निघायचात. मी मनात म्हणाले, बरं झालं, समजलं एकदाचं.

शेवटच्या सकाळी तुम्ही भिंत धरून बाथरूममध्ये गेलात. त्याआधी पलंगावर पडल्या पडल्याच तुमचा श्वास जिना चढत असल्यासारखा चालला होता. मी चौदा म्हणाले आणि किती तरी वेळानं आतून पंधरा आला. बदामी. मी म्हटलं, "पट्टी कायबी म्हणू द्या, मी रिक्षा बोलावते." तुम्ही दाराच्या चौकटीला टेकून माझ्याकडं बघितलंत. "पट्टी खोटं बोलत नाय, मंदा. माणसं बोलतात." एवढंच म्हणून तुम्ही जाऊन पडलात. तुमचा शब्द मोडायचा नाही म्हणून मी दुपारपर्यंत थांबले. रिक्षात तुम्ही माझं नाव विसरला होतात.

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी माझ्यासमोर त्यांची पट्टी बुडवली. मी सवयीनं मोजायला लागले. पाचपर्यंतही आले नव्हते, तर ती जांभळी झाली. त्यांनी विचारलं, घरी तपासलं नव्हतं का? मी म्हटलं, रोज. त्या म्हणाल्या, "पट्ट्या कुठं ठेवता?"

आक्का, मी म्हणाले, कपाटात.

कपाटात नव्हत्या. औषधाजवळ औषध असावं, गारव्याला असावं, म्हणून ती बाटली मीच इन्सुलिनशेजारी त्या मडक्यात ठेवली होती. साखरेनं बधिर झालेल्या तुमच्या बोटांना झाकण उघडायला त्रास व्हायचा, म्हणून ते मी सैल ठेवायची. आणि त्या बाटलीत एक छोटी पांढरी पुडी असायची, ओल शोषून घेणारी. चैत्रात नवे पापड भरले तेव्हा ते सादळू नयेत म्हणून ती काढून मी पापडाच्या डब्यात टाकली. त्या डॉक्टरीणबाई तुमच्या भावाला बाहेर सांगत होत्या की ओल लागली की पट्ट्या मरतात, विषात बुडवल्या तरी त्यांना रंग येत नाही. मी दाराआड उभी राहून ऐकलं. तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात. पापड अजून कुरकुरीत आहेत.

तुमच्या भावाला वाटलं, दुकानदारानं खराब माल दिला. तो कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्या चाचांकडं गेला आणि चार गिऱ्हाइकांसमोर नको ते बोलला. चाचांच्या नातीला तुम्ही दहावीचं गणित शिकवलंत. ते पाचव्या दिवशी आले, चप्पल बाहेर काढून दारातच उभे राहिले, नवी बंद बाटली माझ्या हातात दिली. "बेटी, तारीख मैंने दस बार देखी. माल ताजा था. फिर भी मेरे से कुछ गलती हुई क्या, बोलो." मी पाण्याचा पेला पुढं केला. ते पाणी न पिता गेले. आता तुमचा भाऊ म्हणतो, तेरावं झालं की त्यांच्यावर तक्रार टाकणार. कागदही लिहून ठेवलाय. मघाशी म्हटलं ना, आणखी एका माणसाला उशीर होईल.

आता जे सांगते ते फक्त तुम्हाला. तुम्ही गेल्यानंतरच्या तिसऱ्या दिवशी मी बाथरूमच्या दारासमोर झाडत होते. घड्याळात सात वाजले होते. तोंडानं आपोआप मोजायला सुरुवात केली, मला कळलंही नाही. चौदाला थांबले. आणि आतून पंधरा आला. घोगरा, हजेरीच्या सुरातला. दार उघडंच होतं. फरशी कोरडी होती, पालथी बादली होती, तुमची डबी कोनाड्यात होती. तेव्हापासून रोज सात वाजता मी मोजते आणि रोज उत्तर येतं. कुणाला सांगितलं तर उद्याच देवऋषी बोलावतील. खरं सांगू, पहिल्या दिवशी भीती वाटली नाही. बरं वाटलं. भीती नंतर वाटली, जेव्हा लक्षात आलं की तुम्ही पंधरा म्हणता आणि पुढं काहीच म्हणत नाही. मी उभी राहते, काटा फिरत राहतो आणि तुम्ही रंग सांगत नाही.

म्हणून आज तुमची वही उघडली. प्रत्येक पट्टी तुम्ही चौकटीत चिकटपट्टीनं लावायचात, खाली तारीख आणि रंग लिहायचात. शेवटच्या आठ पट्ट्या बघितल्या. आठही आता वांग्याच्या सालीच्या रंगाच्या झाल्यात. त्यांच्या आधीच्या, मागच्या वर्षीच्या, अजून बदामी आहेत. जुन्या पट्टीचा रंग आपोआप बदलतो, त्याला अर्थ नसतो, हे तुम्हीच मला शिकवलंत. पण प्रत्येकीखाली तुमच्या सरळ अक्षरात लिहिलंय, बदामी, बदामी, बदामी. आणि सातव्या दिवसाच्या चौकटीच्या बाजूला, पेन्सिलीनं: 'बाटलीत पुडी नाही. मंदाला विचारायचं.'

तुम्ही विचारलं नाहीत. का विचारलं नाहीत, आक्का? तापात विसरलात, की पाण्यावरून बोलले म्हणून पुन्हा माझ्या तोंडी लागायचं नव्हतं? की दुसऱ्या दिवशी चौकटीला टेकून, माणसं खोटं बोलतात म्हणालात, तेच तुमचं विचारणं होतं? तुम्ही विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं, तेही मला माहीत नाही. मी डॉक्टरीणबाईंना काय सांगितलं ते तुम्ही वाचलंतच.

इथपर्यंत लिहून मी ही पानं घेऊन बाथरूमच्या दारात गेले आणि सगळं मोठ्यानं वाचलं. मडकं, झाकण, पुडी, कपाट. मग मोजलं. चौदाला थांबले. आतून काही आलं नाही. पुन्हा मोजलं. काहीच नाही. बाहेर कुठल्या तरी इमारतीवर लोखंड तोडायचं काम चाललं होतं, तेवढंच ऐकू येत होतं. तेवढ्यात मागं पिशव्या ठेवल्याचा आवाज झाला. तुमचा भाऊ उभा होता.

"कुणाशी बोलतीस?"

मी पापडाचा डबा आणला, पुडी काढली आणि त्याच्या हातावर ठेवली. मग त्याला सगळं सांगितलं. तो उंबऱ्यावर बसला. पुडी बोटांत फिरवत राहिला. ओरडेल असं वाटलं होतं, ओरडला असता तर बरं झालं असतं. मग म्हणाला, "तो कागद फाडून टाक. आन् चप्पल घाल, चाचाकडं जाऊ. तू सांग. मला नाय सांगता येणार."

तो बाहेर गाडीपाशी थांबलाय. मी एवढं संपवून निघते. तुमचा तांब्या काठोकाठ भरलाय, वर ताटली झाकलेली नाही. शेजारी दुसराही भरून ठेवलाय. हात राखून पिऊ नका.

आत्ताच पुन्हा एकदा घड्याळासमोर उभी राहिले. चौदापर्यंत मोजलं आणि तुमची वाट बघितली, एकोणीस वर्षं बघत आले तशी. बाथरूममध्ये कुणी नव्हतं. मग पंधरा मीच म्हणाले. तोंडातून पहिल्यांदाच निघाला तो आकडा. आणि रंगही मीच सांगितला. जांभळी, आक्का. उठा, मी रिक्षा बोलावते.